चुकून

भर दुपारी आईने रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढला. अवनीने तो बाजूला सारला. आईने पुन्हा ओढला.

"आई, इथे दिवसा कुणी पडदा लावत नाही. उलट लोकांना संशय येतो."

"येऊ दे. घरात एका वेळी एकच पाहुणा, असा नियम आहे ना? तू आणि रुचिर, दोघं भावंडं आधीच आलात, आता हरीशभावजी येतील. तीन झाले. समोरची बाई खिडकीतून बघत असते."

"तेराव्याच्या दिवशी कोण पोलिसांना बोलावेल?"

"पोलीस एकदा येऊन गेलेत," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ते आले होते बाबांचं सांगायला. दोन आठवड्यांपूर्वी लायडन शहरातले सगळे कालवे गोठले होते. कित्येक वर्षांनी असा बर्फ धरला होता. लॉकडाऊनला कंटाळलेलं सगळं गाव स्केट घालून कालव्यांवर उतरलं होतं. शनिवारी सकाळी बाबा घरामागच्या कालव्यावरून चालत गेले आणि पुलाखाली बर्फ फुटून पाण्यात पडले. आता बर्फाचा मागमूस नव्हता. फेब्रुवारी संपायच्या आत ऊन असं पडलं होतं की माणसं नुसत्या शर्टात दारासमोर बसून कॉफी पीत होती. पुलाखाली बदकं पोहत होती.

सोफ्यावर बसलेल्या तरुण पोलीसबाईचे दोन प्रश्न अवनीच्या डोक्यातून जात नव्हते. पहिला: अलीकडे ते उदास असायचे का? आईने पटकन "नाही" म्हटलं होतं, जरा जास्तच पटकन. दुसरा प्रश्न तिने सहज विचारल्यासारखा विचारला होता. पुलाखालचा बर्फ पातळ असतो, तिथे बर्फावरून उतरायचं आणि काठाकाठाने पुढे जायचं, हे तर सगळ्यांना माहीत असतं. तुमचे वडील इथे किती वर्षं राहत होते?

सव्वीस, अवनीने सांगितलं होतं. पोलीसबाईने ते लिहून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही.

बेल वाजली. दारात हरीशकाका उभा होता. तोंडावर मास्क, हातात लाडवांचा डबा. कापेल गावाहून गाडी चालवत आला होता. आत येताना त्याने मागे वळून समोरच्या घराकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे.

"चांगलं केलंत," तो म्हणाला. "पडदा असू दे."

*

हरीशने बूट काढले, हात धुतले आणि दादाच्या खुर्चीत न बसता तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. पाठ दुखणार हे माहीत होतं, पण त्या खुर्चीत कोण बसतं याच्यावर घरातल्या सगळ्यांची नजर असणार, हेही माहीत होतं.

"चार वाजता सगळे झूमवर येतील," तो म्हणाला. "पुण्याहून सतीशदादा, साताऱ्याची मंडळी, दादाचे दोन-तीन विद्यार्थी. सतीशदादा विचारणारच, नक्की काय झालं. आपण तिघांनी एकदा ठरवून घेऊ."

"काय ठरवायचं?" अवनी म्हणाली.

"काय सांगायचं ते."

"हार्ट अटॅक सांगू," रुचिर म्हणाला. फोनवरून त्याची नजर हलली नव्हती. "एवढ्या गार पाण्यात पडल्यावर तसाही येतोच. अगदीच खोटं नाही."

"अगदीच खरंही नाही."

"ताई, आइंडहोव्हनला आमच्या कंपनीतल्या मशीनमध्ये धुळीचा एक कण गेला ना, तर चार माणसं कारण शोधायला बसतात. इथे माणूस गेलाय आणि आपण शब्द शोधतोय. मग निदान सोपा तरी शोधू."

"मला सोपा नकोय."

"तुला काय हवंय ते बोल ना एकदा! बाबांनी मुद्दाम केलं, हेच ना?"

तो शब्द कुणीच उच्चारला नाही, पण तो खोलीत आला. हरीशला तो चांगला ओळखीचा होता. नऊ वर्षांचा असताना त्याने तो साताऱ्याच्या घरात पहिल्यांदा पाहिला होता, असाच, न उच्चारलेला. त्या दिवशी त्याचे वडील, दिनकरमास्तर, सकाळी उठलेच नव्हते. सोळा वर्षांच्या वासुदेवदादाला आईने उंबऱ्याशी उभं करून शिकवलं होतं: रात्रीचं औषध चुकून दोनदा घेतलं गेलं. फौजदाराला हेच सांगायचं, शाळेत हेच, मामाला हेच. चुकून. दादाने ते सगळीकडे सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. पुढे तो इतिहास शिकला, परदेशी गेला, आणि जन्मभर अभ्यास केला तो कशाचा? तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या उमरावांच्या घरांत कुणी जीव दिला तर घरचे काय बोलायचे, याचा. लोकांना विषय चमत्कारिक वाटायचा. हरीशला कधीच वाटला नाही.

आणि एक गोष्ट त्याने अजून कुणालाच सांगितली नव्हती. दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर दादा म्हणाला, "हरी, बाबा हसायचे तेव्हा कसे दिसायचे रे? मला आठवतच नाहीये." हरीशचं ऑफिसचं काम चालू होतं. "नंतर बोलू," असं म्हणून त्याने फोन ठेवला होता.

"अपघात म्हणू," तो आता म्हणाला. "बर्फावर चालत होता, चुकून पाय गेला. बस."

"चुकून," अवनी म्हणाली. "वाटलंच होतं."

*

हा शब्द तपासायला अवनी बाबांकडूनच शिकली होती.

जेवणाच्या टेबलावर ते गेल्डरलंड प्रांतातल्या एका उमरावाची गोष्ट सांगायचे. आपला ससाणा कुठे गेला ते बघायला तो खिडकीतून वाकला आणि खाली पडून मेला. त्याची बायको, भाऊ, पुरोहित आणि वैद्य, चौघांनीही एकच शब्द वापरला: चुकून. "जिथे सगळं घराणं एकच शब्द वापरतं तिथे थांबायचं," बाबा म्हणायचे, "आणि खिडकी किती उंच होती ते बघायचं." ते स्वतः जाऊन बघून आले होते. खिडकी छातीएवढी उंच होती.

त्याच उमरावाच्या गावात एका विणकराने जीव दिला, तेव्हा त्याला दारातून बाहेर काढलं नव्हतं. उंबऱ्याखाली माती खणून त्या भोकातून ओढून नेलं, म्हणजे परतायची वाट त्याला सापडू नये. पुरलं ते फासाच्या खांबाखाली. उमराव मात्र आपल्या पूर्वजांशेजारी झोपला. फक्त त्या दिवशी घंटा वाजवल्या नाहीत. "घराणं मोठं असलं की मरण लहान करता येतं," बाबा म्हणायचे. "आणि गंमत बघ, त्याच वाड्याच्या दिवाणखान्यात छातीत खंजीर खुपसून घेणाऱ्या रोमन बाईचं चित्र होतं. दुसऱ्याच्या आत्महत्येला सोनेरी चौकट आणि घरातली मात्र चुकून." मग ते हसायचे. आई म्हणायची, "आधी जेवा."

अवनीने खिडकीची उंची बघून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्ती. गेलं वर्षभर पुराभिलेखागारं बंद, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अडकलेलं. फोनवर बाबा दोन वाक्यं बोलून आईकडे द्यायचे. सव्वीस वर्षांत ते कधी बर्फावर उतरले नव्हते. आणि पोलिसांनी परत दिलेल्या पिशवीत त्यांचे बूट होते. बुटांवरून लोकरीचे मोजे चढवलेले होते. बुटांच्या आत नाही, वरून. ते बघून रुचिरने पिशवी पटकन बंद केली होती. असं काही करणारा माणूस भानावर नसतो, हे दोघांनाही कळलं होतं आणि दोघंही त्यावर बोलले नव्हते.

ती पाणी प्यायला उठली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून आईचा दबका आवाज येत होता. आई नाशिकच्या गुरुजींशी फोनवर बोलत होती.

"...नाही, मुलांना अजून सांगितलेलं नाही. नारायणबली इथे राहून करता येईल का, की त्र्यंबकलाच यावं लागेल? विमानं सुरू झाली की येईन मी. पण केल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

अवनी दारातच थांबली. हा विधीही तिला बाबांकडूनच माहीत होता. ते म्हणाले होते, दिनकरआजोबांसाठी आजीला तो करायचा होता. पण केला असता तर साताऱ्यात सगळ्यांना कळलं असतं, म्हणून केला नाही. स्वतःच्या हाताने गेलेल्यासाठी करतात तो विधी.

म्हणजे आईला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

ती तशीच बाहेरच्या खोलीत आली. "आईला नारायणबली करायचाय," ती म्हणाली. "आता बोला."

हरीशकाका स्टुलावरून उठलाच. आई मागोमाग हात पुसत येत होती. "वहिनी, हे काय ऐकतोय मी? असलं काही करायचं नाही. नाशिकला अर्धी भावकी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल."

"काय कळेल?" आईने विचारलं.

"आई, तू तरी खरं बोल," अवनी म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. "मी तुझ्या बाजूने आहे. बाबांनी जन्मभर ज्याच्यावर लिहिलं तेच आपण त्यांच्या बाबतीत करायचं नाही. त्यांनी ठरवून केलं असेल तर तसं म्हणू. त्यात लाज कसली?"

"ठरवून काय केलं?"

रुचिर जमिनीकडे बघत होता. आईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग सावकाश बाबांच्या खुर्चीत बसली.

"म्हणजे तेरा दिवस तुम्ही सगळे हे मनात धरून माझ्या हातचं जेवताय," ती म्हणाली.

*

सुहासिनीला वाटलं होतं, मुलं आपल्यावर चिडतील. म्हणून ती गप्प होती. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही असेल हे तिला सुचलंही नव्हतं.

"तुम्ही दोघं रोज फोन करून काय सांगत होतात?" ती म्हणाली. "बाहेर पडू नका. हॉस्पिटलं भरलीत. या वयात हाड मोडलं तर कुणी बघणार नाही. आई, प्रॉमिस कर. मी केलं प्रॉमिस. आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे आम्ही बर्फावर गेलो."

"कोण आम्ही?" रुचिर म्हणाला.

"मी आणि हे. अजून कोण? उजाडत होतं, कालव्यावर चिटपाखरू नव्हतं. आधी काठाला धरून उभे राहिलो. मग यांनी माझा हात धरला. मी एवढी हसले की शेवटी बर्फावरच बसले. तीन दिवस रोज जायचो. साठी उलटलेली माणसं, चोरून. परत आलो की आलं घालून चहा. मग तुमचा फोन यायचा आणि हे म्हणायचे, तू बोल, मला हसू येईल."

अवनीला बाबांची ती दोन वाक्यं आठवली. बरा आहे. आईला देतो.

"आणि ते मोजे?" तिने विचारलं.

"समोरच्या बाईला पाहिलं होतं ना आम्ही, खिडकीतून. कुत्र्याला घेऊन बर्फावर जायची, बुटांवर मोजे चढवून. पाय घसरत नाही. यांना फार कौतुक त्याचं. म्हणाले, साडेतीनशे वर्षं मागचं सगळं वाचलं आणि एवढं साधं माहीत नव्हतं."

रुचिरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

घसरू नये म्हणून, अवनीच्या मनात आलं. ज्याला घसरायचं नव्हतं, त्याचे मोजे.

"शनिवारी माझा गुडघा दुखत होता. हे म्हणाले, मी पुलापलीकडे जाऊन येतो. तिकडून पवनचक्की दिसते का बघतो, दिसली तर उद्या तुला नेतो. मी म्हटलं..." सुहासिनी थांबली. एवढंच तर तिने गुरुजींनाही सांगितलं नव्हतं. "मी म्हटलं, पुलाखालून जा. तिथे ऊन लागत नाही, सावलीतला बर्फ घट्ट राहिला असेल."

"पण आई," अवनी म्हणाली, "पुलाखालीच तर सगळ्यात पातळ असतो. वरून पूल असल्यामुळे तिथे थंडीच नीट पोचत नाही. हे तर सगळ्यांना..."

"कोण सगळे?" सुहासिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुला शाळेत शिकवलं. गळ्यात स्केट अडकवून जायचीस, सातवं वर्ष होतं तुला. रुचिरला शिकवलं. आम्हाला कुणी सांगितलं? यांना विद्यापीठात सांगणार होतं कुणी? तू एकदा तरी घरी येऊन म्हणालीस का, आई, पुलाखाली जायचं नसतं?"

अवनी आठवू लागली. शिक्षिकेने शिट्टी वाजवून सगळ्या मुलांना पुलाआधी काठावर उतरवलेलं आठवलं. स्केटवर अडखळत गवतातून चालणं, पलीकडे पुन्हा उतरणं. घरी येऊन काय सांगितलं होतं? पडले आणि गुडघा फुटला, एवढंच.

"नारायणबली बुडालेल्यासाठीही असतो," सुहासिनी आता हळू म्हणाली. "अवेळी, अपघाताने गेलेल्या कुणाहीसाठी. गुरुजींना विचारा. मी पाठवलं त्यांना तिकडून. निदान पुढची वाट तरी नीट मिळावी."

हरीश खिडकीशी गेला होता. पडदा बोटभर बाजूला करून बाहेर बघत होता. वहिनीवर विश्वास ठेवायला त्याला मनापासून हवं होतं. तीन पहाटा, मोजे, पवनचक्की, सगळं एकमेकांत नीट बसत होतं. साताऱ्यातही सगळं नीट बसायचं. बाबा हसायचे तेव्हा कसे दिसायचे? पत्नीच्या हाताला धरून हसणाऱ्या माणसालाही असा प्रश्न पडू शकतो. किंवा त्यालाच पडतो. तो फोन आत्ता सांगितला तर काय होईल, हे त्याने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. मग पडदा सोडून दिला.

"चार वाजले," तो म्हणाला.

*

रुचिरने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. एकेक चौकट उघडू लागली. साताऱ्याच्या चौकटीत फक्त छताचा पंखा दिसत होता. कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, अहो, म्यूट काढा. सतीशकाका बरोबर मध्यभागी होते. धुतलेलं पांढरं धोतर, मागे देवघर. बाबांचे हे थोरले चुलतभाऊ. चार पिढ्यांत घरात कोण कधी जन्मलं आणि कसं गेलं हे तोंडपाठ असलेले आता तेच एक उरले होते.

गुरुजींचं झालं. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. बाबांच्या एका विद्यार्थिनीने त्यांच्या पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवला, नेमका उंबऱ्याखालच्या भोकाचा. दोन-तीन चौकटींमधली माणसं अवघडून बाजूला बघायला लागली.

"सुहासिनी," सतीशकाका म्हणाले, "आज विचारू नये, पण इथे लोक मला विचारतात. वासू नक्की गेला कसा?"

आई बोलायला लागली आणि तिचा आवाज फुटला. हरीशकाकाने घसा खाकरला. रुचिर पुढे सरकला, त्याच्या ओठांवर 'हार्ट' आलंच होतं. अवनीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मी सांगते," ती म्हणाली. "आई आणि बाबा रोज पहाटे बर्फावर चालायला जात होते. मजा म्हणून. पुलाखालचा बर्फ पातळ असतो हे त्यांना माहीत नव्हतं. बाबा चुकून गेले, सतीशकाका."

तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला आणि पडद्यावरचे सगळे चेहरे एकदम ओळखीचे झाले. कुणी दचकलं नाही. कुणी 'कसं काय' म्हणालं नाही. सतीशकाकांनी डोळे मिटले आणि सावकाश मान हलवली. मागोमाग साताऱ्याच्या आत्याने हलवली. विद्यार्थिनीने खाली पाहिलं. चौकटीमागून चौकट, सगळं घराणं मान हलवत होतं, समजूतदारपणे, मायेने.

अवनीला आणखी सांगायचं होतं. मोज्यांचं, पवनचक्कीचं, आल्याच्या चहाचं. पण यातलं काहीही आता सांगितलं असतं तरी ते त्या ससाण्यासारखंच वाटलं असतं. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, कोण जाणे, तो उमराव खरंच ससाणा बघायला टाचा उंचावून उभा राहिला असेल. बायकोने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं असेल. आणि साडेतीनशे वर्षांनी एका हुशार माणसाने येऊन खिडकीची उंची मोजली.

"शहाणी आहेस," सतीशकाका म्हणाले. "हेच सांगायचं. कुणी विचारलं तर सगळ्यांनी हेच सांगायचं."

"नाही काका, तसं नाही. खरंच चुकून."

"हो बाळा," ते म्हणाले. "'खरंच' पण म्हणायचं."